दाणा तिकडचा, पाणी इकडचं

शेवयांचा पाट थोरल्या भावाच्या, सुंदररावांच्या वाटणीला आला आणि बन्सी गव्हाचं रान धाकट्या विठ्ठलरावांच्या. पंचांना त्यात काही वावगं दिसलं नाही. लाकूडसामान त्यांनी अंगणात एका बाजूला मांडलं होतं, त्यात दोन दारं, एक तुळई, पेरणीची पाभर आणि हा पाट होता. जमीन त्यांनी दुसऱ्या दिवशी शिवारात फिरून वाटली. पाटाला नुसतं लाकूड समजणं आणि बन्सीच्या तुकड्याला नुसतं काळं रान समजणं ही चूक घरातल्या बायकांच्या तेव्हाच लक्षात आली होती. पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

वाटणी संपता संपता विठ्ठलराव पंचांसमोर म्हणाले होते की, एकत्र असताना पेवातला दाणा थोरल्यानं आपल्या सासुरवाडीला पोचवला. सुंदररावांनी तळहात वर करून देवीची आण घेतली, "आजपासून ह्याच्या घरचा दाणा माझ्या तोंडात जाणार न्हाई." विठ्ठलरावांनी उलट आण घेतली, "आन् तुझ्या घरचं पाणी माझ्या घरातल्या कुणाच्याच पोटात जाणार न्हाई." सुंदररावांची आण त्यांच्या एकट्यापुरती होती. विठ्ठलरावांची घरातल्या सगळ्यांसाठी होती, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, विमलबाईंसाठी, कारण त्या घरात तिसरं कोणी नव्हतं. मग अंगणाच्या मधोमध कच्च्या विटांची पुरुषभर उंचीची भिंत उठली. त्यानंतर पहिलाच वैशाख आला आणि सुंदररावांच्या वत्सलेचं लग्न निघालं.

वत्सलेची आई केशरबाई सकाळपासून बाजेवर बसून होत्या. पाटाचं वरचं टोक बाजेच्या गातावर, कडेच्या दांडीवर टेकवलेलं, खालचं टोक उतरतं. कणकेचा गोळा वर ठेवून दोन्ही तळव्यांनी तो पाटावर मागं-पुढं चोळायचा, म्हणजे पाटावरच्या बारीक रेघांतून सुतासारख्या तारा खाली उतरतात. खाली बसलेली बाई त्या हलक्या ओढीनं धरून लांबवते आणि त्यांची लड करते. तिसरी बाई ती लड काठीवर घेऊन सावलीतल्या दोरीवर टाकते. एका बाईचं हे काम नाही, दोघींचंही नाही. आज खाली शेजारच्या दगडाबाई बसल्या होत्या आणि काठी वत्सलेच्या हातात होती.

"तुटली," दगडाबाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मी वढलीबी न्हाई, बाई. आपल्या आपनच तुटली."

केशरबाईंनी गोळा उचलला, त्याला करडईच्या तेलाचं बोट लावलं आणि पुन्हा चोळायला घेतला. तारा उतरल्या, वीतभर लांबल्या आणि टोकाशी जाड होऊन गळून पडल्या. खालच्या सुपात तुकड्यांचा ढीग झाला होता.

दोघा भावांची थोरली बहीण बायनाबाई लग्नासाठी तेलगावहून आली होती. सगळं घर तिला अक्का म्हणायचं. ती उंबऱ्यावर बसून हळकुंडं निवडत होती. तिनं एक तुकडा उचलला आणि दोन बोटांत मोडून पाहिला.

"केशर, ह्यो गहू शेवयाचा न्हाईच. ह्यो पोळीचा हाय."

"गेवराईच्या बाजारातनं निवडून आणलाय त्यांनी."

"निवडून आणलं म्हून गाढवाचं घोडं व्हतं व्हय?"

दगडाबाई हसल्या. केशरबाई हसल्या नाहीत. अक्काचं बरोबर आहे हे त्यांना पहिला गोळा मळतानाच कळलं होतं. बन्सीचा दाणा लांबट आणि कडक असतो. दळला की त्याचा रवा पडतो. तो रवा मळून, कुटून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला की कणकेत चीक धरतो आणि मग ती ओढली तरी तुटत नाही. बाजारच्या मऊ गव्हाला कितीही कुटलं तरी तेवढा चीक येत नाही.

"गेवराईच्या व्याह्यांकडं काय रीत हाय, ठावं हाय ना?" अक्का म्हणाली. "पयल्या जेवणाला पोरगी माहेरच्या शेवया वाढती. सासू ताटातनं एक तार उचलून बगती. आखूड निघाली तर म्हणती, आईनं पोरीला चुलीम्होरं बसवलंच न्हाई."

"आखूड का व्हईना, रांधल्यावर कोण मोजतंय?"

"ते मोजत्यात. मी गेलते त्यांच्या थोरल्याच्या लग्नात. ती सून आजून टोमणे खाती."

वत्सला काठी धरून उभी होती.  तिनं भिंतीकडे पाहिलं आणि केशरबाईंनी तिला तसं पाहताना पाहिलं.

या भिंतीचं केशरबाईंना इतर कोणाएवढं दुःख झालं नव्हतं. वत्सला झाली तेव्हा त्या बाळंतपणात अंथरुणाला खिळल्या आणि उठल्या तेव्हा पोरगी रांगत होती. तिला शेळीच्या दुधावर विमलबाईंनी वाढवलं होतं. विमलबाईंना मूल नव्हतं. पुढेही ठेच लागली की वत्सला आईकडे न येता काकीकडे पळायची. केशरबाई यावर कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. वाटणीत त्यांना पाट मिळाला, गायी मिळाल्या, आणि पंचांनी न वाटलेली वत्सलाही मिळाली.

"मी जाते तिकडं," अक्का हळकुंडं बाजूला ठेवत म्हणाली. "इमलकडं रवा आसंल."

"मी काय मागायला सांगितलं न्हाई."

"तू सांगितलंच न्हाई. मी माझ्या भावाच्या घरी चाललेय."

*

विमलबाई गव्हले वळत होत्या. कणकेची बारीक चिमूट दोन बोटांत घेऊन फिरवायची, की गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा सुपात पडतो. एक सूप भरून उन्हात ठेवलं होतं आणि दुसरं मांडीपाशी होतं. खिरीसाठी केलेल्या मालत्या वाळून टोपलीत गेल्या होत्या. सरकाडीच्या बारीक काडीवर गुंडाळून काढलेल्या सरगुंड्यांची टोपली वेगळी होती.

अक्कानं सगळं पाहून घेतलं. "ह्ये कुणासाठी?"

"कुणासाठी न्हाई. हात रिकामा ऱ्हात न्हाई."

"रुखवताचं वळवट करून बसलीस की गं सगळं. शेवया तेवढ्या न्हाईत."

"पाट न्हाई मला."

अक्का तिथंच जमिनीवर बसली. तिनं एक गव्हला उचलला, पाहिला आणि परत ठेवला. मग भिंतीपलीकडे काय चाललंय ते सांगितलं. विमलबाईंची बोटं थांबली नाहीत.

"रवा हाय," त्या म्हणाल्या. "चैतातच पाडून ठेवलाय, वस्त्रगाळ करून."

"मग दे. मी घेऊन जाते."

"रवा एकटा येणार न्हाई, अक्का. मी येईन संगं. खाली धरायला मी बसन."

"केशरला चालंल का न चालंल..."

"मग दगडाबाईनं धरलेल्या पाठवा गेवराईला."

अक्का खो खो हसली. विठ्ठलराव गोठ्याच्या सावलीत दावं वळत बसले होते. त्यांनी मान वर केली. अक्कानं त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सगळं सांगितलं.

"न्हाई," विठ्ठलराव म्हणाले.

"कावून न्हाई?"

"माझी आण हाय."

"तुझी आण पाण्याची हाय, इठ्ठल. रव्याची न्हाई. दाण्याची आण त्येची हाय, तुझी न्हाई."

विठ्ठलराव थोडा वेळ दाव्याला पीळ देत राहिले. दाणा खायचा नाही म्हणणाऱ्याच्या घरात आपला रवा जाणार आणि त्याच्या पोरीचं रुखवत आपल्या रव्यानं सजणार, ही गोष्ट त्यांना हळूहळू आवडायला लागली. तसं त्यांच्या तोंडावर दिसलंही.

"जा," ते विमलबाईंना म्हणाले. "रवा दे, काम कर. पर एक ध्यानात ठिव. त्या घरच्या पाण्याचा थेंब पोटात गेला, तर परत माझ्या दारात यायचं न्हाई. माझी जबान हाय ही."

"बरं," विमलबाई म्हणाल्या.

नवऱ्याचा स्वभाव त्यांना पाठ होता. एकदा बोललेलं ते मागं घेत नसत आणि बोलताना पुढचं बघत नसत. लग्नाला ते स्वतः जाणार नव्हते आणि त्यांनाही जाऊ देणार नव्हते, हे त्यांनी मागेच सांगून टाकलं होतं. वत्सलेची पाठवणी होताना विमलबाईंना भिंतीच्या अलीकडे बसून ताशा ऐकावा लागणार होता. त्यांनी हातातला गव्हला सुपात टाकला आणि रवा काढायला आत गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात यायच्या आत विमलबाई रव्याची पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यानं फिरून आल्या. भिंतीला दार नव्हतं. केशरबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या अक्काशी बोलल्या.

"अक्का, परात तिकडं ठेवा म्हणावं."

अक्का म्हणाली, "इमल, परात तिकडं ठेव म्हणती."

"आन् रवा चाळलेला हाय का इचारा."

"चाळलेला हाय, सांगा त्यांना," विमलबाई म्हणाल्या.

"मला दोघींचा पगार द्या आता," अक्का म्हणाली.

पाणी केशरबाईंच्या रांजणातलं होतं. अक्कानं मळायला घेतलं. मीठ घालून तिनं चिमूटभर कणीक जिभेवर ठेवली, आणखी थोडं मीठ घातलं, पुन्हा चव घेतली आणि मान हलवली. मग दगडावर ठेवून मुसळानं कुटली, उलटीपालटी केली, परत कुटली. गोळा झाकून ठेवला. तेवढा वेळ, बघायला आलेल्या दगडाबाई धरून, चौघी बायका सावलीत बसल्या आणि लग्नाला कोण येणार, कोण रुसणार, याच्यावर बोलत राहिल्या. वत्सलेनं सगळ्यांना पाणी दिलं. विमलबाईंपुढे आल्यावर ती तांब्या धरून थांबली. विमलबाईंनी मान हलवली.

मग पाट लागला. केशरबाईंनी गोळा ठेवला आणि तळवे चालवले. तारा उतरल्या. विमलबाईंनी त्या बोटांवर झेलल्या, हात मागे नेला, आणखी मागे नेला. तारा लांबत गेल्या, बारीक होत गेल्या, तुटल्या नाहीत. वर केशरबाईंचे हात ज्या गतीनं चालत होते त्याच गतीनं खाली विमलबाईंचे हात मागे सरत होते. एकीनं दुसरीकडे पाहिलं नाही. त्याची गरज पडत नव्हती. वत्सलेनं पहिली लड काठीवर घेतली आणि दोरीवर टाकली. ती जवळजवळ जमिनीला टेकली.

"आता मोजा म्हणावं व्याहीणबाईला," अक्का म्हणाली.

ऊन चढलं. वैशाखात वारा गरम असतो, त्यानं तारा लवकर वाळतात आणि वळणाऱ्या बायकाही. केशरबाईंनी दोनदा पाणी घेतलं. दगडाबाईंना नुसतं बघायला बसूनही तीनदा लागलं. विमलबाईंच्या ओठांवर पापुद्रे दिसायला लागले होते. केशरबाईंनी ते वरून पाहिलं आणि नजर पाटावर आणली.

"घरी जाऊन पिऊन ये म्हणावं," त्या अक्काला म्हणाल्या.

"गोळा वाळंल," विमलबाईंनी परस्पर उत्तर दिलं. "ह्यो हून जाऊ द्या."

केशरबाई नवा गोळा तोडत होत्या. तेवढ्या वेळात विमलबाईंनी परातीच्या कडेची चिमूटभर कणीक उचलली, जिभेवर ठेवली, चावली आणि गिळली.

ते दगडाबाईंनी पाहिलं. दगडाबाई या गल्लीत अशाच कामासाठी बसलेल्या असत.

"आगं बया!" त्या ओरडल्या. "इमलबाईनी कणीक खाल्ली!"

"मग काय झालं?" अक्का म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं.

"पाणी हिकडचं हाय की तिच्यात! गिळलीबी!"

"मीठ बगायला सवयीनं हात गेला," विमलबाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मग दगड सरकवल्याचा. मग विठ्ठलरावांचं मुंडासं भिंतीवर दिसलं आणि त्याखाली चेहरा.

"कुनी काय खाल्लं?"

 केशरबाईंनी तेवढ्यात नव्या गोळ्यावर तळवे टेकवले होते आणि तारा निम्म्या पाटावर आल्या होत्या. विमलबाई उठायला लागल्या.

"इमल, बस," केशरबाई म्हणाल्या. "हात सोडू नकु. लड तुटंल."

विमलबाई बसल्या. त्यांनी तारा धरल्या आणि मागे नेल्या. विठ्ठलराव भिंतीवर हनुवटी टेकवून उभे राहिले. लड पुरी होईपर्यंत त्यांना तसंच थांबावं लागलं, कारण त्यांच्या आईच्या काळापासून या अंगणात पाट चालू असताना मध्ये बोलायची कोणाची छाती नव्हती. वत्सलेनं लड काठीवर घेतली.

"खाल्लीस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"कणीक खाल्ली, इठ्ठल. पाणी कुठं पिली?" अक्का म्हणाली.

"अक्का, तू वकिली करू नकु. कणीक काय कोरड्या रव्याची व्हती?" ते विमलबाईंकडे वळले. "मी काय म्हणालतो?"

त्या वेळी विमलबाई रडल्या असत्या, पदर पसरला असता, चुकलं म्हणाल्या असत्या, तर विठ्ठलरावांना मागे फिरायला वाट होती. दगडाबाई समोर होत्या, त्यामुळे ती वाट अरुंद होती, पण होती. विमलबाईंनी पदर नीट केला आणि त्यांचेच शब्द सांगितले.

"तुमी म्हणालतात, त्या घरच्या पाण्याचा थेंब पोटात गेला तर माझ्या दारात यायचं न्हाई."

"मग?"

"मग न्हाई येत."

  विठ्ठलरावांचं मुंडासं भिंतीखाली गेलं.

*

सुंदरराव ओसरीवर पडून होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून अंगणाच्या कडेला आले तशी विमलबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाठ केली. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं, म्हणून ते बहिणीशी बोलले.

"त्यानं बाईला दारातनं काढलं?"

"काढलं."

"चिमूटभर कणकीपायी?"

"तू मूठभर दाण्यापायी भिंत घातलीस," अक्का म्हणाली. "त्यो तुझाच भाऊ हाय."

सुंदररावांना हे आवडलं नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. हा रवा अंगणात आला तेव्हाही त्यांना तो आवडला नव्हता. पण शेवया व्याही खाणार, आपण नाही, असा हिशेब करून ते गप्प बसले होते. आता त्याच रव्याबरोबर आलेली बाई परत जाणार नव्हती. तिचं माहेर गोदावरीपलीकडं होतं आणि तिथं आता फक्त एक भाचा होता.

"तुझं काय म्हणणं हाय?" त्यांनी केशरबाईंना विचारलं.

केशरबाईंचे हात कणकेनं भरलेले होते. त्यांनी ते एकमेकांवर चोळून कणीक सोडवली. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. बाईला तिच्या माहेरी पोचवा, गाडी जुंपा, एवढंच बोलायचं होतं. मांडवात मग वत्सलेला एकच आई राहिली असती. वत्सला दोरीजवळ उभी होती. ती आईकडे पाहत नव्हती, काकीकडेही नाही. तिनं काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, जणू कोणी ती ओढून घेणार होतं. केशरबाईंना वाटलं, आपण नाही म्हटलं तर ही आत्ता काही बोलणार नाही. सासरी जाईल, आणि दर सणाला येईल तेव्हाही बोलणार नाही.

"तुमची आण दाण्याची हाय," त्या म्हणाल्या. "माणसाची न्हाई."

सुंदररावांनी मान डोलावली. त्यांना कारण मिळालं होतं, आणि ते त्यांच्या स्वभावाला धरून होतं.

"ऱ्हाऊ दे मग. इठ्ठलनं काढलेलं माणूस सुंदररावाच्या घरात इज्जतीनं ऱ्हायलं, ह्ये गावाला कळू दे."

"गावाला कळंल," अक्का दगडाबाईंकडे बघत म्हणाली. "त्याची काळजी करू नकु."

दगडाबाईंना तेवढ्यात घरी दूध उतू चालल्याचं आठवलं आणि त्या गेल्या.

वत्सलेनं काठी भिंतीला लावली आणि तांब्या भरून आणला. विमलबाई घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. त्यांनी तांब्या पुढे केला आणि वत्सलेनं तो पुन्हा भरला. मग दोघी जावा पाटाशी बसल्या, कारण परातीत अजून कणीक होती आणि ऊन वाढत होतं.

*

शेवया वळल्या त्या दिवशी त्यातली पहिली लड त्याच दिवशी रांधायची, अशी घरची रीत होती. संध्याकाळी केशरबाईंनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. मीठ टाकलं. खळखळून उकळी आल्यावर विमलबाईंनी लड हातानं सैल करून आत सोडली. ताज्या शेवयांना वेळ लागत नाही. त्या तळाला गेल्या आणि वर आल्या. वर आल्या की काढायच्या, नाहीतर लगदा होतो. केशरबाईंनी त्या रोवळीत ओतल्या, वरून गार पाणी घातलं आणि रोवळी आपटून निथळल्या. एका भांड्यात गुळवणी होतं, त्यात वेलदोडा होता. तूप गरम होत होतं.

सुंदररावांना भाकरी आणि पिठलं वाढलं. त्यांच्या शेजारी अक्का शेवया खात बसली, आणि खाताना तिनं मुद्दाम तार उंच उचलून दाखवली.

"लई झ्याक झाल्यात. तुला काय, पिठलं."

"खा की मुकाट्यानं."

"येकच तार खाऊन बग. देवी बगत न्हाई, तिचं तोंड तिकडं हाय."

सुंदररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. वास त्यांना येत होता. त्यांनी शेवयांना हात लावला नाही. त्या रात्री नाही, आणि नंतर लग्नाच्या पंगतीतही नाही.

भिंतीपलीकडून धूर यायला लागला. धूर ओल्या लाकडांचा होता आणि त्यापाठोपाठ खोकला आला. मग फुंकणीचा आवाज. मग पुन्हा खोकला. विमलबाईंचा घास तोंडाशी थांबला.

"आत्ता तोडलेलं वलं जळण पुढं हाय, मागचं कोरडं हाय," त्या हळू म्हणाल्या. "त्यांना ठावं न्हाई."

"मी जाते," अक्का उठली. "मला दाण्याचीबी आण न्हाई आन् पाण्याचीबी न्हाई. मी आपली दोन्हीकडं जेवते." तिनं शेवयांची वाटी भरली, तिच्यावर तूप ओतलं, वाटीकडे पाहिलं आणि ती परत ठेवली. "ह्ये तर चालंना. ह्यात पाणी हिकडचं. भाकरीच थापते बाबाला."

ती गेली. वत्सला ताटं उचलून चुलीमागं घासायला बसली. अंगणात दोघी जावा राहिल्या. दोरीवरच्या शेवया आता पुरत्या वाळल्या होत्या आणि हात लावला की खुळखुळत होत्या. केशरबाई एकेक लड उतरवून देत होत्या, विमलबाई टोपलीत गोलाकार बसवत होत्या.

"लगीन झाल्यावर?" केशरबाईंनी विचारलं. "त्यो दारात घेनार न्हाई. त्याची जबान हाय."

"बगू."

"काय बगू? म्हातारपण काय माझ्या अंगणात काढनार हायस?"

"त्यांना एकट्यानं भाकरी थापता येत न्हाई, बाई. अक्का कवर ऱ्हाईल?"

केशरबाईंनी आणखी एक लड उतरवली. ती त्यांनी लगेच दिली नाही. सकाळपासून त्यांच्या मनात एक गोष्ट होती आणि ती कुठे बसत नव्हती. सकाळी अक्कानं मीठ पाहिलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा. त्यांच्या सासूच्या काळापासून या घरात मीठ फक्त मळतानाच पाहत. गोळा कुटून झाकला की मग त्यात मीठ कमी असलं तरी काही करता येत नाही. हे विमलला ठाऊक नव्हतं असं नाही. आणि उन्हात दिवसभर बसायचं, पाणी प्यायचं नाही हे माहीत असताना तिनं स्वतःच्या घरून भरलेला तांब्या आणला नव्हता.

"इमल."

"काय?"

"मीठ बगायचं ते मळताना. पाटावर घेतल्यावर कावून बगितलंस?"

विमलबाईंनी लडीसाठी हात पुढे केला. केशरबाईंनी ती दिली. विमलबाईंनी ती टोपलीत ठेवली, सुटलेलं टोक आत वळवलं.

"बराबर हुतं मीठ," त्या म्हणाल्या.

केशरबाईंनी जावेकडे पाहिलं. मग दोरी सोडून गुंडाळायला घेतली.

"उद्या मालत्या तिकडनं आणवून घेऊ, अक्काकडून," त्या म्हणाल्या. "आन् हातरूण ओसरीवर टाकू नकु. वत्सलेपाशी टाक."